वायफाय फुल्ल, साइट मात्र उघडेना: घरातल्या सामायिक नेटवर डीएनएसचा घोळ कसा शोधायचा

वायफायची रेंज फुल्ल. राउटरचे दिवे हिरवे. व्हॉट्सॲपवर मेसेज येताहेत, टीव्हीवर आधीपासून लावलेला सिनेमाही चालू आहे. पण नवीन साइट उघडायला गेलं की क्रोम थोडा वेळ घुटमळतो आणि राखाडी पानावर लिहितो, ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’. नाहीतर विंडोज सांगतं, ‘डीएनएस सर्व्हर इजन्ट रिस्पॉन्डिंग’. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. एकाच कनेक्शनवर आईबाबांचे फोन, दोघांचे ऑफिसचे लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असले की यात आणखी भर पडते. एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि ‘माझ्याकडे तर सुरू आहे’ या वाक्यापुढे चर्चा सरकत नाही.

यावरचे दोन उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहेत: राउटर बंद-चालू करा आणि डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाका. दोन्हींनी बरेचदा काम होतंही, आणि पंचाईत तिथेच आहे. काम झालं की कारण शोधायचं राहून जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, फक्त आता तीन उपकरणांवर हाताने टाकलेले तीन वेगवेगळे डीएनएस आहेत आणि कोणी कुठे काय बदललं हे कुणालाच आठवत नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी, नावाची विचारणा नेमकी कुठल्या टप्प्यावर अडतेय ते बघा. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. राउटर रीस्टार्ट त्यानंतर करा, कारण रीस्टार्टने पुरावाही पुसला जातो.

विचारणा कुठून कुठे जाते

साइटचं नाव टाइप केलं की यंत्राला त्यामागचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, हवा असतो. ब्राउझर आधी स्वतःच्या साठ्यात बघतो, मग ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. तिच्याकडेही नसेल तर ती तिला नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारते. घरगुती जोडणीत हा सर्व्हर बहुतेक वेळा तुमचा राउटरच असतो, कारण उपकरण वायफायला जोडलं गेलं तेव्हा डीएचसीपीतून (उपकरणांना पत्ते आपोआप वाटायची सोय) राउटरने आपलाच पत्ता (१९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ असा काहीतरी) पुढे केलेला असतो. राउटरला स्वतःला फारसं काही ठाऊक नसतं. तो प्रश्न नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे ढकलतो आणि आलेलं उत्तर थोडा वेळ जपून ठेवतो. कंपनीचा सर्व्हर गरज पडेल तसा सगळ्यात वरचे रूट सर्व्हर (ए ते एम अशी त्यांची १३ नावं आहेत), मग डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणारे सर्व्हर, आणि शेवटी त्या साइटचा स्वतःचा अधिकृत सर्व्हर, अशी पायपीट करतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मं कोडं सुटतं. पहिली: नाव फक्त जोडणी सुरू करताना लागतं. एकदा जोडणी झाली की डीएनएस बंद पडला तरी ती चालू राहते. म्हणूनच व्हॉट्सॲप आणि सिनेमा चालू असतात आणि आपण ‘नेट तर आहे’ असं ठामपणे सांगतो. दुसरी: प्रत्येक उत्तराला एक मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. ती काही सेकंदांपासून एखाद्या दिवसापर्यंत काहीही असू शकते. त्यामुळे डीएनएस गेला तरी सगळं एका क्षणी बंद पडत नाही. मुदत संपेल तशा एकेक साइट गळत जातात. ‘अर्धं नेट चालू आहे’ ही तक्रार ऐकली की आधी डीएनएसवर संशय घ्या.

पहिली पायरी: बंद कुणाचं आहे ते विचारा

यंत्राला हात लावण्याआधी घरात फेरी मारा. एकाच उपकरणावर अडचण असेल तर राउटरला दोष देऊ नका. सगळ्यांकडे असेल तर लॅपटॉपची सेटिंग्ज उकरू नका. फक्त आतल्या खोलीतल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या लोकांकडे असेल, तर तिथे दुसरा राउटर किंवा एक्स्टेंडर आहे का ते बघा, असतोच बहुधा. एकच साइट उघडत नसेल तर ती मोबाइल डेटावर उघडते का पाहा. आणि रोज रात्री नऊ-दहाच्या सुमारासच होत असेल तर ती बातमी वेगळीच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

मोबाइल डेटावरची चाचणी करताना फोनचं वायफाय खरोखर बंद करा. बरेच फोन वायफाय कुचकामी वाटलं की आपणहून डेटावर जातात. मग फोनवर साइट उघडते, लॅपटॉपवर नाही, आणि दोष लॅपटॉपच्या माथी बसतो.

दुसरी पायरी: लाइन जिवंत आहे का

विंडोजवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल. इथून पुढच्या आज्ञा वाचायला देवनागरीत दिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.

विंडोजवर आधी ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा, मग तिरकी रेघ आणि ‘ऑल’. लांबलचक यादी येते. तिच्यातल्या तीन ओळी कागदावर उतरवा: आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस सर्व्हर्स. तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर इथेच थांबा. हा डीएनएसचा प्रश्नच नाही. राउटरने तुम्हाला पत्ता दिलेला नाही, म्हणून यंत्राने स्वतःच एक लावून घेतलाय. वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा, नाहीतर डीएचसीपी चालू आहे का ते राउटरमध्ये बघा.

पत्ता ठीक असेल तर तीन पिंग (पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं), याच क्रमाने:

१. ‘पिंग’ आणि पुढे गेटवेचा पत्ता. उत्तर आलं तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ.
२. ‘पिंग ८.८.८.८’. उत्तर आलं तर बाहेरची लाइन जिवंत.
३. ‘पिंग’ आणि पुढे एखाद्या साइटचं नाव.

पहिल्या दोन्हींना उत्तर येतं आणि तिसऱ्याला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, म्हणजे चोर सापडला: लाइन ठीक आहे, नावाचा पत्ता लागत नाही. पण तिसऱ्यात नावाशेजारी कंसात आयपी दिसला आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर डीएनएसने आपलं काम चोख केलंय. काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. या दोन संदेशांत गल्लत होते आणि तासन् तास चुकीच्या दिशेने जातात.

दुसरा पिंगही पडला, तर ओएनटीवरचा (फायबर ज्यात येते त्या कंपनीच्या डब्यावरचा) एलओएसचा दिवा लाल आहे का बघा. लाल असेल तर फायबर तुटलेली किंवा वाकलेली आहे. नेटवाल्याला फोन करा आणि हा लेख बाजूला ठेवा.

तिसरी पायरी: एकच प्रश्न तिघांना

सगळ्यात कामाची पायरी हीच. आज्ञा आहे ‘एनएसलुकअप’: एन, एस आणि त्याला चिकटून ‘लुकअप’. पुढे एक जागा सोडून साइटचं नाव, उदाहरणार्थ विकिपीडिया डॉट ओआरजी. आणखी एक जागा सोडून एखाद्या डीएनएस सर्व्हरचा आयपी दिला तर प्रश्न थेट त्यालाच विचारला जातो.

उत्तरात वरती ‘सर्व्हर’ आणि ‘ॲड्रेस’ अशा दोन ओळी येतात. हा साइटचा पत्ता नाही, ज्याला विचारलं त्याचा आहे. बरेचदा इथे ‘सर्व्हर: अननोन’ दिसतं आणि लोक दचकतात. त्याचा अर्थ एवढाच की राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावरून उलट त्याचं नाव काढता आलं नाही. घरगुती राउटरला असं नाव नसतंच. खाली ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ असं येतं, तोही दोष नाही. उत्तर साठ्यातून किंवा मध्यस्थाकडून आलंय, इतकंच. त्याच्या खाली जे आयपी दिसतात ते खरं उत्तर.

आता तोच प्रश्न तिघांना विचारा: राउटरला, मग कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला, मग ८.८.८.८ ला. कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर ‘वॅन’ (राउटरची बाहेरच्या नेटकडची बाजू) किंवा ‘इंटरनेट’च्या खाली सापडतो.

तिघांकडून उत्तर येतं, तरी ब्राउझर रडतोय: दोष त्या एका उपकरणात. एनएसलुकअप विंडोजचा साठा आणि होस्ट्स फाइल (यंत्रातलीच नावांची यादी, तिच्याकडे पुढे येऊ) दोन्ही वगळून थेट सर्व्हरला विचारतं, म्हणून त्याचं चालतं आणि ब्राउझरचं अडतं.

राउटर गप्प, बाकी दोघं बोलताहेत: दोष राउटरमध्ये.

राउटर आणि कंपनी दोघं गप्प, ८.८.८.८ बोलतोय: कंपनीचा सर्व्हर आजारी आहे, किंवा राउटरमध्ये चुकीचा सर्व्हर भरलेला आहे.

तिघंही गप्प, पण पिंग ८.८.८.८ चालतंय: वाटेत कुणीतरी ५३ क्रमांकाचं पोर्ट (ये-जा करायचं ठरलेलं दार) अडवतंय. डीएनएसची साधी विचारणा त्याच पोर्टवरून जाते. लॅपटॉपवरचं अँटिव्हायरस किंवा फायरवॉल, राउटरमधला ‘पॅरेंटल कंट्रोल’, नाहीतर कंपनी. दुसऱ्या यंत्रावरून हीच चाचणी केली की पहिली शक्यता वेगळी होते.

उत्तर न येण्याचे प्रकारही सारखे नसतात. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे समोरून काहीच आलं नाही. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणजे सर्व्हर भेटला आणि त्याने असं नावच नाही म्हणून सांगितलं; आधी स्पेलिंग तपासा. ‘सर्व्हर फेल्ड’ म्हणजे सर्व्हरने शोध घेतला पण उत्तरापर्यंत पोचला नाही. फक्त एकाच साइटसाठी आणि ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ अशा दोघांकडूनही हेच येत असेल तर बिघाड त्या साइटच्या घरी आहे. आणि ‘क्वेरी रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हर शाबूत आहे, पण तुम्हाला उत्तर द्यायला तयार नाही. याचं नेहमीचं कारण खाली राउटरच्या भागात आहे.

बारीकसा काटा: विंडोजवर एनएसलुकअप कधी कधी नावाच्या मागे राउटरने दिलेलं शेपूट जोडून विचारतं आणि मग विचित्र उत्तरं येतात. नावाच्या शेवटी एक टिंब दिलं की ते शेपूट जोडत नाही.

दोष एका लॅपटॉपचा असेल तर

आधी व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या जाळ्यात जायची खासगी वाट. ऑफिसचा व्हीपीएन मध्येच तुटला की त्याने लावलेला ऑफिसच्या आतला डीएनएस तसाच राहून जातो, आणि तो बाहेरून पोचण्यासारखा नसतो. व्हीपीएन नीट जोडून नीट बंद करा, नाहीतर लॅपटॉप रीस्टार्ट करा.

मग ॲडॅप्टरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आयपीव्ही४ च्या खिडकीत ‘ऑब्टेन डीएनएस सर्व्हर ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडलेलं आहे का बघा. मागे कधीतरी कुणीतरी हाताने भरलेला पत्ता इथे हमखास सापडतो.

साठा रिकामा करायचा तर विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ पुढे तिरकी रेघ ‘फ्लशडीएनएस’. सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. मॅक सरळ रीस्टार्ट केलात तरी चालेल. ‘नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरही साठ्यात राहतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साइट सुरू व्हायच्या आधीच उघडून पाहिली असेल तर ती सुरू झाल्यावरही काही काळ तुमच्याकडे ‘नाही’च येत राहील.

ब्राउझरही स्वतंत्र बाण्याचे झालेत. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी या वाटेने गेलं की ‘यूज सिक्युअर डीएनएस’ दिसतं. तिथे विशिष्ट पुरवठादार निवडलेला असेल तर क्रोम तुमच्या राउटरला विचारतच नाही. क्रोममध्ये अडतंय आणि एजमध्ये चालतंय असा प्रकार असेल तर पहिल्यांदा इथे बघा. फायरफॉक्समध्येही अशी सोय आहे.

शेवटची होस्ट्स फाइल. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. त्या फाइलचा वंशज अजून तुमच्या यंत्रात आहे: विंडोजमध्ये सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ‘ईटीसी’ फोल्डर, त्यात ‘होस्ट्स’. तिच्यात लिहिलेलं नाव डीएनएसच्या आधी मानलं जातं. चोरीचं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी कुणी तिथे ओळी घुसडलेल्या असतात, नाहीतर मालवेअरने. पुढे हॅशचं चिन्ह नसलेल्या आणि आपण न लिहिलेल्या ओळी दिसल्या तर त्यांचा जाब विचारा.

फोनची गोष्ट: प्रायव्हेट डीएनएस

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग आहे. जाहिराती बंद होतात म्हणून मित्राने सांगितलेलं एखादं नाव तिथे टाकलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. नाव टाकून ठेवलं की फोन त्या सर्व्हरशी फक्त सुरक्षित मार्गाने, ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो. तो मार्ग अडला तर साध्या डीएनएसकडे वळत नाही. वायफाय जोडलेलं, पण खाली ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर कॅनॉट बी ॲक्सेस्ड’ किंवा ‘नो इंटरनेट’ असं दिसतं. सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर आणा. त्यात जमलं तर सुरक्षित, नाहीतर साधा, असा समंजस मार्ग असतो.

पीजी किंवा हॉस्टेलच्या सामायिक वायफायवर लॉगिनचं पान उघडत नाही, त्यामागेही पुष्कळदा हीच सेटिंग असते. लॉगिन होईपर्यंत ‘ऑफ’ ठेवा. फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तरीही सुरक्षित डीएनएस अडतो, कारण प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारच्या ‘आय’वर टिचकी मारली की खाली ‘कॉन्फिगर डीएनएस’ दिसतं. ते ‘ऑटोमॅटिक’ असायला हवं.

दोष राउटरचा असेल तर

सामायिक कनेक्शनची बहुतेक दुखणी इथली असतात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

*जुन्या कंपनीचा डीएनएस.* कनेक्शन बदललं, राउटर तोच ठेवला. वॅनच्या सेटिंग्जमध्ये मागच्या कंपनीचे दोन पत्ते हाताने भरलेले तसेच आहेत. कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर सहसा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. तुम्ही आता त्यांचे नाही, म्हणून ‘रिफ्यूज्ड’ किंवा शांतता. यात फसवा भाग असा की एखादा जुना सर्व्हर काही आठवडे उत्तर देत राहतो आणि मग एका दिवशी देईनासा होतो. तोपर्यंत कनेक्शन बदलल्याची आठवणही कुणी या बिघाडाशी जोडत नाही. वॅनमध्ये ‘गेट डीएनएस ऑटोमॅटिकली फ्रॉम आयएसपी’ निवडा.

राउटरमध्ये डीएनएस दोन जागी असतो हे नीट समजून घ्या. एक वॅनच्या पानावर: राउटर स्वतः कुणाला विचारणार. दुसरा डीएचसीपी सर्व्हरच्या पानावर: राउटर घरातल्या उपकरणांना काय सांगणार. लोक एक बदलतात आणि दुसरा तसाच राहतो. डीएचसीपीतला बदल उपकरणांना लगेच कळतही नाही. ज्याचं वायफाय तुटून पुन्हा जुळेल त्यालाच नवा पत्ता मिळतो. बदल केल्यावर सगळ्यांना एकदा वायफाय बंद-चालू करायला सांगा, नाहीतर ‘माझ्याकडे सुरू आहे’चा दुसरा अंक सुरू होईल.

*दोन राउटर.* हॉलमध्ये कंपनीचा ओएनटी, आतल्या खोलीत रेंजसाठी विकत आणलेला राउटर. दुसऱ्याच्या लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टात केबल खोचली आणि त्याचा डीएचसीपी चालूच ठेवला, की घरात पत्ते वाटणारे दोघं झाले. ज्या उपकरणाला दुसऱ्याने पत्ता दिला त्याचा गेटवे आणि डीएनएस दुसरा राउटर. आणि त्या बिचाऱ्याला बाहेर जायचा रस्ताच नाही, कारण त्याचं वॅन पोर्ट रिकामं आहे. कुणाला कोण आधी भेटतं यावर सगळं अवलंबून, त्यामुळे बिघाड लहरी वाटतो. ओळखायची खूण सोपी: चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या उपकरणांवर गेटवेचा आकडा वेगळा दिसतो. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर मात्र ही खूणही जाते. मग दुसऱ्याची केबल काढून बघणं हाच उपाय.

दुरुस्ती दोन तऱ्हेने होते. दुसऱ्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे डीएचसीपी एकट्या ओएनटीकडे राहील. घरातल्यांसाठी हेच बरं, कारण सगळे एकाच जाळ्यात येतात आणि प्रिंटर सगळ्यांना सापडतो. किंवा केबल त्याच्या वॅन पोर्टात खोचा आणि त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काही करा. वर भाडेकरू असतील तर मी दुसरी तऱ्हा निवडेन: त्यांची उपकरणं त्यांच्या राउटरच्या मागे राहतात आणि त्यांच्या सेटिंग्जचा गोंधळ खाली सांडत नाही.

*आयपीव्ही६.* ही आयपी पत्त्यांची नवी, लांब आकड्यांची पद्धत; जुनी ती आयपीव्ही४. तुम्ही आयपीव्ही४ मध्ये ८.८.८.८ भरलात, तरी एनएसलुकअपच्या पहिल्या ओळीत भलताच लांब पत्ता येतो. कारण राउटर आयपीव्ही६ साठी वेगळा डीएनएस वाटतोय आणि यंत्र त्याला आधी विचारतंय. ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो तुमचाच राउटर आहे. डीएनएस बदलायचाच असेल तर दोन्हीकडे बदला. गूगलचा आयपीव्ही६ पत्ता २००१:४८६०:४८६०::८८८८ आहे, क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११. आयपीव्ही६ सरसकट बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. शोध घेताना तात्पुरता करून बघायला हरकत नाही, कायमचा उपाय म्हणून मला तो पटत नाही.

*रात्रीची गर्दी.* रोज ठरावीक वेळीच नावं अडत असतील, तर डीएनएस सर्व्हर निर्दोष असण्याची शक्यता जास्त. लग्नाहून परतलेलं कुणीतरी हजार फोटो क्लाउडवर चढवतंय आणि अपलोडची वाट तुंबलीय. डीएनएसचा इवलासा प्रश्न त्या रांगेत अडकतो आणि यंत्र कंटाळून ‘टाइम्ड आउट’ म्हणतं. टॉरेंट चालू असेल तर आणखी एक गोष्ट होते: राउटर प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो, स्वस्त राउटरचा तक्ता भरतो, आणि नव्या जोडण्यांना जागा उरत नाही. जुन्या जोडण्या चालू, नव्या बंद. लक्षणं हुबेहूब डीएनएस गेल्यासारखी. ‘पिंग ८.८.८.८’च्या उत्तरातला वेळ बघा. एरवी १०-२० मिलिसेकंद लागत होते आणि आता ८०० लागताहेत, तर दोषी डीएनएस नाही, फोटो आहेत. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ असेल तर अपलोडला मर्यादा घाला. भाडेकरूंसाठी तर घालाच.

*परका डीएनएस.* वॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर तुम्ही न भरलेले, कंपनीचे नसलेले पत्ते दिसले, तर गंभीरपणे घ्या. डीएनएस हातात आला की बँकेच्या नावावर खोटं पान दाखवता येतं. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने हेच केलं होतं. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली तेव्हा जगभरात सुमारे ४० लाख संगणक बाधित असल्याचा अंदाज होता. टोळीचे सर्व्हर एका झटक्यात बंद केले असते तर तेवढ्यांचं नेट गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. तुमच्या राउटरमध्ये असं सापडलं तर फॅक्टरी रीसेट, फर्मवेअर अपडेट, ‘ॲडमिन-ॲडमिन’ पासवर्डला कायमची सुट्टी, आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद. रीसेटच्या आधी पीपीपीओईचं (राउटर कंपनीकडे करतो त्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड हाताशी आहे ना, तेवढं बघा. नसेल तर लाइनमन येईपर्यंत अख्खं घर बिननेटचं.

लॅपटॉपवरून किंवा फोनवरून नेट वाटत असाल तर

विंडोजच्या मोबाइल हॉटस्पॉटमध्ये लॅपटॉपच छोटा राउटर होतो. इतरांना तो १९२.१६८.१३७.१ हा आपला पत्ता गेटवे आणि डीएनएस म्हणून देतो. जोडलेल्या फोनवर नावं अडत असतील पण लॅपटॉपवर सगळं ठीक असेल, तर लॅपटॉपवरची फायरवॉल त्यांची विचारणा गिळतेय. वेगळं टाकलेलं अँटिव्हायरस क्षणभर थांबवून बघा, हॉटस्पॉट बंद-चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर फोनच्या वायफायमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ भरा, इथे हा तोडगा रास्त आहे.

डीएनएस बदलायचा की नाही

गूगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९ पासून, क्वाड९ चा ९.९.९.९ नोव्हेंबर २०१७ पासून, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ एप्रिल २०१८ पासून आहे. तिन्ही फुकट, तिन्ही भरवशाचे. कंपनीचा सर्व्हर वारंवार झोपत असेल तर जरूर बदला, पण एकदाच, राउटरवर. प्रत्येक फोनवर नाही. दोन पत्ते दोन वेगळ्या संस्थांचे ठेवा. १४ जुलै २०२५ रोजी १.१.१.१ ची सेवा जगभर तासभर बंद पडली होती. तेव्हा ज्यांचा दुसरा पत्ताही क्लाउडफ्लेअरचाच १.०.०.१ होता, त्यांना तो कामी आला नाही.

दुसऱ्या पत्त्याबद्दल एक गैरसमज आहे. पहिल्याने ‘नाव नाही’ म्हटलं तर यंत्र दुसऱ्याला विचारत नाही. पहिला गप्प राहिला तरच विचारतं. आणि काही उपकरणं दोघांना वाटेल तशी आलटून पालटून विचारतात. घरात पाय-होलसारखा जाहिराती गाळणारा सर्व्हर असेल आणि ‘बॅकअप’ म्हणून दुसरा ८.८.८.८ ठेवला, तर जाहिराती अधूनमधून दिसणारच.

बदलण्यात तोटाही असतो. मोठ्या व्हिडिओ सेवांचे साठे कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवलेले असतात आणि जवळचा साठा कोणता हे बरेचदा डीएनएसच्या उत्तरावरून ठरतं. बाहेरचा डीएनएस लावल्यावर साइट पटपट उघडतात पण व्हिडिओ अडखळतो, असं झालं तर कंपनीच्या डीएनएसवर परत जाऊन बघा.

बदलूनही उपयोग नाही, तेव्हा

कंपनी वाटेतच विचारणा अडवून स्वतःच उत्तर देतेय का, हे बघायची एक नामी युक्ती आहे. एनएसलुकअपला सर्व्हर म्हणून १९२.०.२.१ द्या. हा पत्ता फक्त कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे कुठलाही सर्व्हर नाही. तरीही उत्तर आलं, तर ते वाटेतल्या कुणीतरी दिलंय. मग ८.८.८.८ भरून काहीच बदलत नाही. ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस किंवा फोनमधला प्रायव्हेट डीएनएस मात्र या अडवणुकीतून निसटतो. काही साइट सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने बंद असतात आणि ती बंदी बरेचदा डीएनएसमध्येच घातलेली असते. ‘एकच साइट उघडत नाही’ यामागे कधी कधी एवढंच असतं.

आणि कधी कधी जगच बंद असतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सहाएक तास गायब झाले. एका चुकीच्या बदलामुळे फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले होते. त्या रात्री घरोघरी राउटर बंद-चालू झाले. ८.८.८.८ ला विचारलं असतं तर ‘सर्व्हर फेल्ड’ दिसलं असतं आणि झोपायला जाता आलं असतं.

नेटवाल्याला फोन करताना

‘नेट चालत नाही’ म्हटलं की ‘राउटर रीस्टार्ट करा’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी असं सांगा: “दादा, लाइन चालू आहे, ८.८.८.८ पिंग होतंय, २० मिलिसेकंद. पण तुमच्या डीएनएस सर्व्हरला एनएसलुकअप केलं की टाइम्ड आउट येतंय. सकाळी साडेनऊपासून. दोन लॅपटॉपवर बघितलं, राउटर वगळून केबल थेट लावूनही बघितलं.” सर्व्हरचा आयपी वाचून दाखवा आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांच्याच नेटवर व्हॉट्सॲप चालतंय म्हणून ‘मग नेट तर सुरू आहे की’ असं ते म्हणतील. चालू असलेली जोडणी डीएनएसशिवायही टिकते, हे वरचं वाक्य तेव्हा कामाला येतं. तक्रारीचा क्रमांक घ्या. केबल थेट लावायची चाचणी मात्र फोनच्या आधी खरोखर करा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पीपीपीओई असेल तर त्यासाठी लॅपटॉपवर ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ तयार करून तेच युजरनेम-पासवर्ड भरावं लागतं.

भाड्याच्या घरात राउटर मालकांकडे असेल आणि पासवर्ड मिळत नसेल, तर त्यांच्या सेटिंग्जवरून वाद घालत बसू नका. एक साधा राउटर आणा, त्याच्या वॅन पोर्टात त्यांची केबल खोचा, पत्ता वेगळा ठेवा आणि वॅनमध्ये आपल्या पसंतीचे दोन डीएनएस भरा. कुठे काय भरलं आणि कोणत्या तारखेला, ते एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवा.